ताजा कलमातली दोन वाक्ये

वाचक भगिनीचे पत्र (थोडे संक्षिप्त करून) :

मी ४१ वर्षांची आहे. माहेर कोल्हापूरचे, पण गेली बारा वर्षे आम्ही अमेरिकेत, ॲरिझोनामधील फिनिक्सजवळ राहतो. माझी उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ९२ किलो आहे. पाच वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि एम्पाग्लिफ्लोझिन अशा तीन गोळ्या चालू आहेत, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या खाली येत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, अंडी तेवढी चालतात. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात स्पष्ट नकार आहे आणि इथे स्वखर्चाने करायची तर वीस हजार डॉलरच्या आसपास खर्च सांगतात. मेक्सिकोतील तिहुआना शहरात मात्र ४,८०० डॉलरमध्ये सगळे होते : सॅन दिएगोच्या विमानतळावरून गाडीने नेणे-आणणे, स्लीव्हची शस्त्रक्रिया, दोन रात्री रुग्णालय आणि एक रात्र हॉटेल. मी त्यांचा फॉर्म भरला, तेव्हा दहा मिनिटांत 'तुम्ही पात्र आहात' असा निरोप आला. ५०० डॉलर अनामत भरल्यावर सर्जनचे नाव कळवणार आहेत, आणि महिनाअखेरीपर्यंत भरल्यास पित्ताशय काढण्यावर सवलत आहे. माझ्या एका मैत्रिणीने तिथेच करून घेतले, तिचे तीस किलो उतरले. आत्या म्हणते, हे सगळे शॉर्टकट आहेत, आणि करायचेच असेल तर पुण्याला येऊन कर. सासूबाईंना अजून काही सांगितलेले नाही. परदेशातला सर्जन कसा पारखावा, एवढेच तुमच्याकडून हवे आहे.

ता. क. रात्री आडवे झाले की छातीत जळजळते, म्हणून रोज एक गोळी घेते आणि दोन उशा लागतात. शिवाय मी इतकी घोरते, की मुलगी हॉलमध्ये जाऊन झोपते. वजन उतरले की हे दोन्ही जाईल ना?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की उत्तराची सुरुवात तुम्ही जिथे शेवट केला तिथूनच करावी लागेल. मूळ पत्रात तुम्ही सर्जन कसा पारखावा असे विचारले आहे, परंतु त्या पारखीची कसोटी तुम्ही स्वतःच ताजा कलमात लिहून ठेवली आहे. फॉर्मची प्रत तुम्ही सोबत जोडली हे बरे केले. त्यात उंची, वजन, रक्तदाब, मधुमेह आहे का, धूम्रपान करता का, एवढे विचारले आहे आणि भेट म्हणून देणार असलेल्या टी-शर्टचे मापही विचारले आहे. पण छातीत जळजळते का आणि घोरता का, हे दोन प्रश्न त्यात कुठेही नाहीत. वजनाची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने रुग्णाला पहिल्या भेटीत हे दोन प्रश्न विचारायचेच असतात. तेव्हा त्या फॉर्मला दहा मिनिटांत होकार देणाऱ्या व्यक्तीने तो सर्जनच्या नजरेखालून घातला असेल, असे मला वाटत नाही.

आधी जळजळीविषयी. स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग स्टेपलरने कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. जठराच्या खालच्या टोकाची झडप तशीच राहते, नळी अरुंद असल्यामुळे आतला दाब वाढतो, आणि त्यामुळे आम्ल वर अन्ननलिकेत ढकलले जाण्याची प्रवृत्ती पुष्कळ रुग्णांमध्ये वाढते. ज्यांना आधी हा त्रास नव्हता अशांपैकीही काहींना तो नव्याने सुरू होतो. वजन उतरल्याने काहींची जळजळ कमी होते हे खरे आहे, पण ती तुमची होईलच असे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही, आणि वाढली तर कापलेले जठर परत जोडता येत नाही. अशा रुग्णांना मग काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया करून बायपास करून घ्यावा लागतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे तिला अशा रीतीने जोडतात की आम्ल व पित्त यांना वर येण्याची वाट फारशी उरत नाही. म्हणून जुनी जळजळ असलेल्या रुग्णाला, त्यातही मधुमेह असेल तर, बहुतेक अनुभवी सर्जन आधी बायपासचा विचार करतात. तुम्हाला कोणती शस्त्रक्रिया योग्य हे मी इथे बसून ठरवणार नाही. ते ठरवण्यासाठी एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी आत घालून, अन्ननलिकेचा खालचा भाग आणि तिथली झडप डोळ्यांनी पाहावी लागते. परंतु एंडोस्कोपी न करता, किंबहुना जळजळीची चौकशीही न करता, कोणी स्लीव्हची तारीख देत असेल, तर तो कितीही कुशल असला तरी तुमच्या कामाचा नाही.

आता घोरण्याविषयी, आणि इथे मला थोडे माझ्या बाजूने बोलू द्या. मी एकतीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. रुग्ण सर्जनची कीर्ती ऐकून येतात, त्याचे फोटो पाहतात, त्याच्याविषयी दहा जणांना विचारतात. भूल कोण देणार हे विचारणारा रुग्ण मला इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. मुलगी हॉलमध्ये जाऊन झोपावी इतके घोरणे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३७ आणि जोडीला मधुमेह असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का याची तपासणी झाल्याशिवाय मी तुम्हाला भूल दिली नसती. कारण धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर जितका असतो, त्याहून अधिक पहिल्या रात्री असतो : भुलीचा अंमल पुरता उतरलेला नसतो, वेदनेवरच्या औषधांनी श्वास मंद होतो, रुग्ण उताणा झोपलेला असतो आणि खोलीत कदाचित फक्त डुलक्या घेणारा नातेवाईक असतो. ही तपासणी आता घरच्या घरी एका रात्रीत करता येते. विकार निघाला तर शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे श्वासाचे यंत्र लावून झोपण्याची सवय करतात आणि तेच यंत्र रुग्णालयातही सोबत नेतात. तेव्हा सर्जनला विचारायचा प्रश्न असा की पूर्णवेळ, पदव्युत्तर शिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ कोण आहेत, ते माझ्याशी आधी बोलतील का, आणि पहिल्या रात्री माझ्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याचा गजर झाला तर तो ऐकून कोण उठणार आहे. 'सगळी काळजी घेतली जाते' असे मोघम उत्तर आले, तर ते उत्तर नव्हे असे समजा.

आत्याबाईंच्या शॉर्टकटविषयी दोन शब्द, कारण असे काही मनात घेऊन बसलेला रुग्ण घाईने आणि चोरून निर्णय घेतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली जे निकष घातले होते त्यांत बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५, अशी मर्यादा होती. तुम्ही त्या जुन्या निकषातही बसता. २०२२ साली अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही, वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक सर्जन संघटनांनी ही मर्यादा खाली आणली आणि आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो हे मान्य करून त्यांच्यासाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असे म्हटले. तुमची गरज वैद्यकीय आहे, हौसेची नाही. आत्याबाईंना हे शांतपणे सांगा. त्या पुण्याविषयी जे म्हणतात त्याकडे मी नंतर येते.

तिहुआनात चांगले सर्जन आहेत का? आहेत, आणि त्यांतले काही असे आहेत की त्यांच्या हातून वर्षाकाठी जितक्या शस्त्रक्रिया होतात तितक्या अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरातील सर्जनच्या हातून होत नाहीत. अडचण अशी की चांगला आणि सामान्य यांच्या जाहिराती अगदी सारख्या दिसतात, आणि तुमचा व्यवहार सर्जनशी नसून मध्यस्थाशी चालला आहे. 'पेशंट कोऑर्डिनेटर' ही व्यक्ती अतिशय गोड बोलते, रात्री अकरालाही उत्तर देते, पण ती बहुतेक वेळा विक्री करणारी व्यक्ती असते. अनामत भरल्यावर नाव सांगू, ही अट तर आपण कांदे-बटाटे घेतानाही मान्य करणार नाही. नाव आधी, तेही पूर्ण नाव हवे. इथे एक बारकावा आहे : स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांकडचे आणि मग आईकडचे, आणि अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी केलेल्या जाहिरातींत त्यांतले एकच छापतात. नुसते 'डॉक्टर लोपेझ' किंवा 'डॉक्टर गार्सिया' म्हणजे आपल्याकडे नुसते 'डॉक्टर पाटील' म्हणण्यासारखे झाले. दोन्ही आडनावांसह नाव मिळाले की मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या व्यावसायिक नोंदणीत ते कोणालाही विनामूल्य शोधता येते. त्या परवान्याला तिथे 'सेदुला प्रोफेसिओनाल' म्हणतात. वैद्यकीय पदवीचा क्रमांक एक असतो आणि विशेषज्ञ म्हणून दुसरा, स्वतंत्र क्रमांक असतो. तुम्हाला दुसरा क्रमांक पाहायचा आहे, आणि त्यापुढे शस्त्रक्रियाशास्त्राचे नाव आहे याची खात्री करायची आहे. त्यानंतर त्या देशाच्या जनरल सर्जरीच्या राष्ट्रीय परिषदेचे प्रमाणपत्र आजही चालू आहे का ते पाहावे, कारण ते एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले असे नसते, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. भिंतीवरच्या 'मास्टर सर्जन', 'सेंटर ऑफ एक्सलन्स' अशा इंग्रजी सनदांना माझ्या लेखी थोडे महत्त्व आहे, पण त्या खासगी संस्थांच्या असतात आणि सरकारी परवान्याची जागा घेऊ शकत नाहीत.

कागद जुळले की सर्जनशी स्वतः, व्हिडिओवर, किमान वीस मिनिटे बोलणे मागा. त्यांनी काय सांगितले याच्याइतकेच त्यांनी तुम्हाला काय विचारले याकडे लक्ष द्या. एका दिवसात किती शस्त्रक्रिया करता, हे विचारा. अनुभव पुष्कळ असावा, पण एकाच सकाळी रांगेत आठ-दहा रुग्ण असतील तर माझ्या शस्त्रक्रियेत अडचण आली तेव्हा तुमचे लक्ष कुठे असेल, हा प्रश्न वाजवी आहे. टाक्यांच्या ओळीतून जठरातले द्रव पोटात गळल्याचे, म्हणजे गळती झाल्याचे, तुमच्या किती रुग्णांमध्ये आढळले आणि त्यांचे पुढे काय केले, हेही विचारा. अनुभवी हातांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पण 'आमच्याकडे असे कधीच झाले नाही' हे उत्तर आले तर मी सावध होईन : हजारो शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाकडे कधीच गळती झाली नसेल, तर एक तर आकडा खोटा आहे किंवा ते रुग्ण घरी परतल्यावर त्यांचे काय झाले हे त्याला कळलेलेच नाही. दुसरी शक्यता मला अधिक खरी वाटते.

हे का म्हणते, ते एका रुग्णाच्या गोष्टीवरून सांगते. रुग्णाला ओळखता येऊ नये म्हणून काही तपशील वगळला आहे. मी नोकरीत असताना एके रात्री साडेअकराच्या सुमारास तातडीच्या विभागात पस्तिशीतला एक गृहस्थ आला. दुसऱ्या देशात शस्त्रक्रिया करून तो नवव्या दिवशी घरी परतला होता. पोट फारसे दुखत नव्हते, ताप नावापुरता होता, डाव्या खांद्यात मात्र दुखत होते आणि नाडी १२८ होती. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर १२० च्या वर टिकून राहणारी नाडी म्हणजे दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत गळती, हे या कामातले सगळे जाणतात. स्थूल माणसाचे पोट दाबून पाहिले तरी फारसे काही सांगत नाही. आम्ही कागद मागितले, तेव्हा त्याच्या पत्नीने एक गुळगुळीत, रंगीत फोल्डर पुढे केला. त्यात आहाराचे पत्रक होते, सर्जनबरोबर हसत काढलेला फोटो होता, अभिनंदनाचे पत्र होते. पण शस्त्रक्रियेची नोंद नव्हती. आत नेमके काय कापले आहे, किती स्टेपल लावले आहेत, आतडे कुठे जोडले आहे की नाही, यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. कार्डावरच्या क्रमांकावर फोन लावला तर कार्यालयाची वेळ संपल्याची टेप वाजत राहिली. आमच्या सर्जनने त्या रात्री पोट उघडले ते अक्षरशः अनोळखी घरात अंधारात शिरल्यासारखे. रुग्ण वाचला, पण पाच आठवडे रुग्णालयात राहिला, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला. मूळच्या सर्जनचे हात वाईट होते असे मी आजही म्हणणार नाही, गळती कोणाकडेही होऊ शकते. पण नवव्या दिवशी त्या रुग्णाला जबाबदार असा एकही माणूस जगात नव्हता.

परदेशातला सर्जन निवडताना मी सगळ्यांत आधी हेच पाहीन, की नवव्या दिवशी माझा कोण. तुमच्या पॅकेजमध्ये चौथ्या दिवशी तुम्ही सरहद्द ओलांडून सॅन दिएगोच्या विमानतळावर असाल, आणि गळती पुष्कळदा त्यानंतर, घरी पोहोचल्यावर उघडकीला येते. पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोकाही याच आठवड्यांत असतो, आणि तासन्‌तास एका जागी बसून प्रवास केल्याने तो वाढतो. म्हणून तिहुआनाच ठरले, तर शस्त्रक्रियेनंतर किमान आठवडाभर सॅन दिएगोत किंवा त्या रुग्णालयाच्या जवळ राहायची तयारी ठेवा, आणि रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन घरी गेल्यावरही किती दिवस घ्यायचे हे लेखी घ्या. शस्त्रक्रियेची नोंद, भुलीची नोंद, वापरलेल्या स्टेपलरचा तपशील आणि काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी अहवाल इंग्रजीत मिळेल, हे अनामत भरण्याआधी लिहून घ्या. नंतर मागितल्यास 'पाठवतो' म्हणतात. सर्जनचा थेट फोन क्रमांकही घ्या, कोऑर्डिनेटरचा नव्हे.

फिनिक्समध्ये तुमचे कोण, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याप्रमाणे तातडीच्या विभागाला तुम्हाला तपासून स्थिर करणे भागच आहे, तेव्हा दारातून परत पाठवतील ही भीती नको. परंतु पुढची नियमित देखभाल करायला, दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यायला, तिथले अनेक सर्जन नाखूश असतात. काही विमा पॉलिसींमध्ये तर वगळलेल्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंतही वगळलेली असते. तुमच्या पॉलिसीत ते वाक्य आहे का, हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारा. आणि जाण्याआधी तुमच्या फॅमिली डॉक्टरला सगळे सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका, रागावले तर पाच मिनिटे रागावतील.

डॉक्टरांना सांगणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. तुमच्या तीन गोळ्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिन ही शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते. यकृत आकसावे म्हणून आधीचे दोन आठवडे जो अत्यल्प पिष्टमय, बहुतांश द्रव आहार देतात, त्याच्याबरोबर ती घेत राहिल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून जिवावर बेतू शकते, आणि साखर ठीक दिसते म्हणून कोणाला संशयही येत नाही. म्हणजे तो आहार सुरू करतानाच ही गोळी कधी थांबवायची ते ठरले पाहिजे. ग्लिमेपिराइड त्याच आहारावर चालू राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तुमच्या कोऑर्डिनेटरने पाठवलेल्या आहारपत्रकात प्रोटीन शेकचे चार ब्रँड दिले आहेत, गोळ्यांविषयी एक ओळ नाही.

शाकाहाराचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, आणि पोट तर अर्ध्या वाटीत भरते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, वरणाच्या वाटीतही त्याच्याच आसपास; तेव्हा पनीर, ग्रीक पद्धतीचे घट्ट दही, सोया आणि प्रथिनांची पूड यांवाचून हे गणित जुळत नाही. बी-१२ च्या बाबतीत तुमच्यावर तिहेरी भार पडतो : शाकाहारामुळे ते मुळात कमी मिळते, मेटफॉर्मिनमुळे कमी शोषले जाते, आणि शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, आणखी कमी. लोह, कॅल्शियम, ड आणि ब जीवनसत्त्वे यांच्या तपासण्या पहिल्या वर्षी काही महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी, आयुष्यभर करायच्या असतात. सतत उलट्या होत राहिल्या तर 'सवय होईल' म्हणून थांबायचे नाही. थायमिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) अभावाने काही आठवड्यांत मेंदूला कायमची इजा झालेले रुग्ण आहेत. भारतीय शाकाहारी ताटाशी परिचय असलेला आहारतज्ज्ञ तुम्हाला फिनिक्समध्ये किंवा फोनवर आधीच शोधून ठेवावा लागेल.

पित्ताशयाच्या सवलतीबद्दल थोडक्यात : सोनोग्राफीत खडे नसतील आणि त्रास नसेल तर निरोगी पित्ताशय 'जाता जाता' काढू नये. वजन भराभर उतरताना खडे होण्याचा धोका वाढतो, आणि त्यासाठी सहा महिने गोळी देतात. अवयवावर महिनाअखेरीची सवलत देणाऱ्याविषयी मला याहून अधिक लिहायचे नाही.

सर्जनइतकेच रुग्णालयही पारखा, कारण पुष्कळ सर्जन भाड्याच्या शस्त्रक्रियागृहांत काम करतात. अतिदक्षता विभाग, सीटी स्कॅन, रक्ताची सोय आणि रात्री इमारतीत हजर असलेला डॉक्टर, या चार गोष्टी नसलेल्या ठिकाणी तुमच्यासारख्या रुग्णाने जाऊ नये. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिहुआनात शस्त्रक्रिया करून आलेल्या रुग्णांत जवळजवळ सर्व प्रतिजैविकांना दाद न देणारा स्यूडोमोनास जिवाणू सापडल्याचा इशारा दिला होता. त्यांतले बरेच रुग्ण वजनाच्या शस्त्रक्रियेचे होते, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांचा संबंध एकाच रुग्णालयाशी होता. २०२३ साली मेक्सिकोच्याच मातामोरोस शहरात सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात भूल दिलेल्या रुग्णांना बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह झाला आणि काहींचा मृत्यू झाला. माझ्या पेशातली ही घटना मी विसरू शकत नाही : सर्जनचे काम कदाचित उत्तम झाले असेल, घात झाला तो भुलीच्या सुईने. म्हणून शस्त्रक्रियेची उपकरणे कशी निर्जंतुक करतात, हे विचारायला संकोच करू नका, आणि परत आल्यावर जखम बरी होईना तर मेक्सिकोत शस्त्रक्रिया झाली आहे हे फिनिक्सच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

आता पुण्याविषयी. आत्याबाईंच्या सूचनेत तथ्य आहे : पुण्या-मुंबईत अनुभवी बेरिअ‍ॅट्रिक सर्जन आहेत, खर्च परवडणारा आहे, भाषा आपली आहे, पथ्याचे जेवण करून घालणारे माणूस घरात आहे, आणि एंडोस्कोपीपासून झोपेच्या तपासणीपर्यंत सारे एका आठवड्यात होते. सर्जनची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. तरीही 'आपले गाव' म्हणून पारख सैल करू नका, हेच सर्व प्रश्न तिथेही विचारा. एक जास्तीचा प्रश्न असा : भारतात 'मिनी बायपास' म्हणून ओळखला जाणारा, एकाच जोडाचा बायपास बराच केला जातो, अमेरिकेत तो तुलनेने कमी होतो. त्यात पित्त उलटून वर येण्याची शक्यता असते, आणि आतड्याचा मोठा भाग वगळला गेल्यास शाकाहारी रुग्णात प्रथिने व लोह यांची तूट अधिक जाणवते. तुमच्या जळजळीचा आणि ताटाचा विचार करून दोन जोडांचा नेहमीचा बायपास अधिक बरा नाही का, हे त्यांना विचारा आणि त्यांचे कारण ऐकून घ्या. यायचे ठरले तर दहा दिवसांच्या रजेवर येऊ नका. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे इथे राहता येईल तेव्हाच या, कारण वीस-बावीस तासांचा विमानप्रवास ताज्या टाक्यांनिशी करण्यासारखा नसतो. आणि पुण्याहून परतल्यावरही नंतरच्या वर्षांची देखभाल फिनिक्समध्येच करायची आहे. त्या हिशेबात तुमच्यासाठी पुणेही परदेशच आहे.

या सगळ्याच्या आधी, जिथे राहता तिथली दारे खरोखर बंद आहेत का ते एकदा ठोठावून पाहा. कंपनीचा नकार हा बहुधा मालकाने निवडलेल्या योजनेचा भाग असतो. वर्षअखेरीच्या नोंदणीत दुसरी योजना उपलब्ध आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स आणि तिथली बेरिअ‍ॅट्रिक सर्जन संघटना मिळून ज्या केंद्रांना मान्यता देतात, त्यांच्याकडे स्वखर्चाचा एकरकमी दर विचारा. तो पहिल्या फोनवर सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी असू शकतो, आणि त्यात देखभाल धरलेली असते. तसेच मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड यांची इंजेक्शने तुम्हाला कधी सुचवली गेली का, याचा पत्रात उल्लेख नाही. वजनासाठी विमा ती पुष्कळदा नाकारतो, पण मधुमेहासाठी अनेकदा देतो, आणि तुमची साखर आठच्या वर आहे. ती सुरू केल्यास भुलीच्या आधी सांगायला मात्र विसरू नका, कारण त्यांच्यामुळे जठर उशिरा रिकामे होते.

मैत्रिणीचे तीस किलो उतरले याचा मला आनंद आहे. तिला फक्त एवढे विचारा, की बी-१२ आणि लोह शेवटचे कधी तपासले, आणि कोणी सांगितले म्हणून.

सासूबाईंना सांगावे की नाही हे तुम्ही विचारलेले नाही, तरी आगंतुकपणे लिहिते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा आठवडे घरातला प्रत्येक घास बदलतो. पाणी आणि जेवण एकत्र घ्यायचे नाही, चमचा-चमचा खायचे, कोणाच्याही आग्रहाला बळी पडायचे नाही. हे एका छताखाली लपवता येणार नाही, आणि रात्री दोन वाजता नाडी धावू लागली तर मुलीजवळ थांबायला त्याच असतील. त्यांना आधी सांगा.

महिनाअखेरीची सवलत जाऊ द्या. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरची वेळ घेऊन एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, बी-१२ आणि पोटाची सोनोग्राफी एवढे मागा. मधुमेह आणि जळजळ यांच्या नावाखाली यातले बरेचसे तुमचा विमाच देईल. कोऑर्डिनेटरला दोन ओळींत कळवा, की सर्जनचे दोन्ही आडनावांसह नाव, विशेषज्ञतेचा परवाना क्रमांक आणि व्हिडिओभेटीची वेळ मिळाल्याशिवाय अनामत भरणार नाही. काय उत्तर येते ते आणि एंडोस्कोपीचा अहवाल मला जरूर पाठवा. कोणती शस्त्रक्रिया मागायची हे त्यानंतर बोलू.